उसवण्याची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत चिंध्यांचा विषय पाहून काही कार्यकर्त्यांना नवल वाटले असेल. वेतन, जमीन, पाणी, महागाई हे प्रश्न समोर उभे असताना जुन्या साड्यांच्या पिशव्या आणि फाटक्या पँटींचे बटवे यांची चर्चा चळवळीने कशासाठी करावी, असे कोणी विचारले तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. जुन्या कपड्यांतून हाताने नव्या वस्तू बनविण्याला अलीकडे ‘अपसायकलिंग’ हे नाव मिळाले आहे. शहरांतील प्रदर्शनांतून काठपदराच्या पिशव्या, जीन्सचे बटवे, कापडी मण्यांच्या माळा, चिंधीच्या वेण्या घालून केलेले पट्टे मांडलेले दिसतात. शेजारी पाटी असते, की ही वस्तू विकत घेणारा पृथ्वीचे रक्षण करीत आहे. पृथ्वीचे रक्षण झाले तर उत्तमच. परंतु त्या पाटीवर एक गोष्ट लिहिलेली नसते. त्या पिशवीत सहा-सात प्रकारचे श्रम शिवलेले असतात आणि त्यांपैकी बहुधा एकाच प्रकारच्या श्रमाची मजुरी दिलेली असते. उरलेले श्रम कोणाच्याही वहीत नाहीत. तेव्हा हा प्रश्न वेतनाचाच आहे.

प्रारंभ घरापासून केला पाहिजे, कारण जुन्याचे नवे करण्याचे काम महाराष्ट्रात घरातच वाढले. गोधडी, वाकळ, दुपटे ही नावे कोणालाही नव्याने सांगावयास नकोत. नऊवारी लुगडे नेसून नेसून विटले, की त्याचा मधला भाग आधी विरतो. काठ आणि पदर मात्र पुष्कळ काळ टिकतात. गोधडी शिवणारी बाई हे जाणते. ती लुगडे उजेडाकडे धरून पाहते, जेथून उजेड झिरपतो तो भाग आतल्या थरासाठी ठेवते आणि धडका भाग वर घेते. मध्ये धोतराची पाने, सदऱ्यांच्या पाठी, पोरांच्या परकरांचे तुकडे पसरते. मग कडेने धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जातो. थर सरकू नयेत म्हणून टाका जवळ घ्यावा लागतो आणि तो जवळ घेतला की बोटे दुखतात. एक मोठी गोधडी म्हणजे दुपारच्या निवांत वेळेतले कित्येक दिवस. ‘निवांत वेळ’ हा शब्दप्रयोगही पुरुषांचाच म्हणावयाचा. भाकरी, पाणी, शेण, सरपण यांतून उरलेल्या वेळेला निवांत म्हणण्याची चाल आहे.

या कामाला घरात कोणी काम म्हटले नाही. आजीची माया म्हटले, काटकसर म्हटले, सुगरणपण म्हटले. ज्या घरांत शिवणारे हात नसत तेथे भटक्या जमातींतील काही स्त्रिया दारोदार फिरून गोधड्या शिवून देत, आजही देतात. त्यांना जो मोबदला मिळे त्यात धान्य, शिळे अन्न, एखादे जुनेर आणि थोडे रोख पैसे असे मिश्रण असे. घरातली बाई ते काम फुकट करीत असल्यामुळे बाहेरच्या बाईचा दरही खाली राहिला, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू पडतो. फुकट श्रम हा नेहमीच शेजारच्या मजुरीचा शत्रू असतो.

चिंधीशी महाराष्ट्राचे नाते काटकसरीपुरते नाही. गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव हिंडले. लोकांनी त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशी नावे दिली. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने इतरांचे कपडे धुणाऱ्या जातीचा आणि फाटक्या कपड्याचा कमीपणा एकाच वेळी अंगावर पांघरला आणि तोच समाजापुढे उलटा धरला. हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाने पुढे शासनाची ग्रामस्वच्छता अभियाने निघाली, बक्षिसे निघाली. पण चिंधी उचलणाऱ्याच्या पदरी त्या बक्षिसांतून काय आले, याचा ताळेबंद कोणी मांडला नाही.

आता घराच्या उंबऱ्यावर येऊ. मुंबई-पुण्याच्या चाळींतून ज्यांचे बालपण गेले त्यांना बोहारणीची हाक आठवत असेल. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे बोचके. ती दारात बसली की जिन्यात एक छोटी संसदच भरे. दोन पँटी आणि एक साडी एवढ्यावर डबा मिळणार की नाही, यावर अर्धा तास घासाघीस चाले. घरमालकीण एखादा सदरा पुढे सरकवी, बोहारीण तो उलटून कॉलर आणि काखेची शिवण पाही आणि परत सरकवी. काखेत घामाने कापड कुजते. तेथे कापड चांगले असेल तर बाकीचे निश्चित चांगले, हे तिचे शास्त्र. जरीच्या साडीचा काठ ती नखाने खरवडून पाही, कारण खरी जर असेल तर ती जाळून चांदी काढणारे व्यापारी बाजारात होते. मध्यमवर्गीय लेखनात या बाईचे चित्र बहुधा विनोदी आले आहे: कांगावखोर, लबाड, तोंडाळ. तिच्या लबाडीच्या गोष्टी पुष्कळ घरांत सांगितल्या जातात. तिच्या बोचक्याचे वजन किती असते, हे सांगणारी गोष्ट मात्र सापडत नाही.

मुंबईत आणि गुजरातेत हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर वाघरी समाजाच्या स्त्रियांनी चालविला. हा समाज आता स्वतःस देवीपूजक म्हणवितो, आणि जुन्या नावाला शिवीची कळा आणणाऱ्या सवर्ण समाजाने ते लक्षात ठेवणे बरे. या स्त्रियांचे काम दारावर संपत नाही. कपडे आणल्यावर ते निवडावे लागतात. धडके एका बाजूला, शिवून चालण्याजोगे दुसऱ्या, निव्वळ चिंधी तिसऱ्या. मग धुणे, ठिगळ, रफू, बटण, इस्त्री. आणि मग रस्त्याकडेच्या बाजारात ते विकणे. ज्या मजुराला नवी पँट परवडत नाही त्याला तेथे पँट मिळते. गिऱ्हाइकी नसलेला माल गॅरेजला पुसणी म्हणून जातो किंवा गादीच्या पोटात. अवघ्या शहराच्या अंगावरून उतरलेले कापड दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अंगावर पोचविणारी ही यंत्रणा कोणत्याही महापालिकेने उभारली नाही, कोणत्याही अंदाजपत्रकात तिला तरतूद नाही. ‘शाश्वत जीवनशैली’ हा शब्द ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनीच ती चालविली.

या स्त्रियांच्या संदर्भात अहमदाबादची एक हकीकत प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घ्यावी अशी आहे. ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना आज जगभर ठाऊक आहे. तिच्या जन्माशी जुन्या कपड्यांचा संबंध आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. १९७१ साली अहमदाबादच्या कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या आणि हातगाड्या ओढणाऱ्या स्त्रिया आपली गाऱ्हाणी घेऊन मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या जुन्या संघटनेच्या महिला शाखेकडे आल्या. शाखेच्या प्रमुख इला भट्ट होत्या. त्यांनी या स्त्रियांच्या तुटपुंज्या मजुरीविषयी वृत्तपत्रात लिहिले. व्यापाऱ्यांनी उलट छापून आणले, की मजुरी रास्त दिली जाते. तेव्हा महिला शाखेने काय केले? व्यापाऱ्यांचाच दावा छोट्या कार्डांवर छापला आणि ती कार्डे या स्त्रियांना वाटून टाकली. यापुढे मजुरी मागताना बाईने तेच कार्ड पुढे धरावे. डावपेचाचे शिक्षण देणारी याहून सुटसुटीत गोष्ट सापडणे कठीण.

ही वार्ता पसरली आणि जुने कपडे विकणाऱ्या स्त्रिया आपल्या तक्रारी घेऊन आल्या. सभा बोलावली गेली. शंभरावर स्त्रिया जमल्या आणि त्या गर्दीतूनच सूचना आली, की आपली स्वतःची संघटना हवी. १९७१ च्या डिसेंबरात ‘सेवा’ स्थापन झाली. तिची नोंदणी करावयास गेल्यावर कामगार खात्याने अडवणूक केली. खात्याचे म्हणणे असे, की या बायांना मालकच नाही, मग त्या लढणार कोणाशी? आणि मालक नाही तर त्या कामगार कशा? उत्तर दिले गेले, की संघटना ही मालकाविरुद्धच असते असे नव्हे, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. वाद काही महिने चालला आणि एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. गरीब असलो तरी संख्येने पुष्कळ आहोत, या ज्या विचारातून बँक निघाली तो बोलून दाखविणारी बाईसुद्धा जुने कपडे विकणारीच होती.

कामगार खात्याचा तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण डाव्या व समाजवादी चळवळीनेही दीर्घकाळ तोच प्रश्न विचारला. कामगार म्हणजे गिरणी, भोंगा, हजेरीपट. बोहारीण, चिंधीवाली, गोधडीवाली ही ‘असंघटित’ या एका पोत्यात भरली गेली आणि पोते कोपऱ्यात ठेवले गेले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्या संपानंतर हजारो घरांतून भाजी, पोळीभाजीचे डबे, शिवणकाम, जुन्या कपड्यांचा व्यापार यांवर चूल पेटली आणि ती बहुतांशी बायकांनी पेटविली. कापड विणणाऱ्याच्या घरात दुसऱ्याने टाकलेल्या कापडावर गुजराण होऊ लागली तेव्हा तरी चळवळीचे डोळे उघडावयास हवे होते. काही ठिकाणी ते उघडले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळविली आणि पुढे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत घेतले. हे बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चिकाटीचे फळ होय. बोहारणींच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात त्या तोलाचे काही घडलेले दिसत नाही.

आता त्या प्रदर्शनातील पिशवीकडे वळू. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला एकाएकी मान आला. बचत गटांकडे पिशव्यांची मागणी येऊ लागली. जुन्या साड्यांपासून पिशव्या शिवून द्या, कच्चा माल तर फुकटच आहे, असे गटांना सांगितले जाते. ‘कच्चा माल फुकट’ या तीन शब्दांत सारी मेख आहे.

नव्या कापडाची पिशवी कशी होते? ताग्यातले कापड थरावर थर रचून एकाच वेळी कापतात. पन्नास पिशव्यांचे कटिंग एका झटक्यात होते. जुन्या कपड्याचे तसे नाही. प्रत्येक साडी निराळी, प्रत्येक पँट निराळ्या जागी झिजलेली. ती धुवावी लागते. वाळवून उजेडाला धरून विरलेला भाग खडूने बाद करावा लागतो. फॉल काढावा लागतो, पँट असेल तर शिवणी उसवाव्या लागतात. जीन्सची शिवण दुहेरी असते, ब्लेडने एकेक टाका तोडताना कापडाला कात्री लागू द्यायची नाही. चेन, बटणे, रिबिटे काढून निराळी ठेवावी लागतात. इस्त्री करून मग एकेक तुकडा वेगळा कापावा लागतो. सुती साडीला अस्तर हवे, नाहीतर दोन किलो बटाट्यांनी पिशवी फाटते. बंदांसाठी काठाची पट्टी दुमडून चार पदरी करावी लागते. इतके झाल्यावर शिवणयंत्राचे काम येते आणि मजुरीचा दर ठरतो तो या शेवटच्या कामाचा!

समजा, एका पिशवीस एकूण दोन तास लागले आणि त्यांत यंत्रावरची शिलाई चाळीस मिनिटांची आहे. नगाचा दर या चाळीस मिनिटांवर, तोही नव्या कापडाच्या पिशवीच्या दराकडे पाहून ठरविला जातो. उरलेली ऐंशी मिनिटे कोठे गेली? ती ‘फुकट कच्चा माल’ या शब्दांत गेली. जुने कापड फुकट नसते. ते बाईच्या बिनमोल श्रमांनी कच्चा माल झालेले असते. कापडगिरणीतून आलेल्या ताग्याची किंमत मोजणारा व्यापारी या ताग्याची किंमत मोजत नाही, कारण तो तिच्या बोटांतून आलेला असतो. आणि वर प्रदर्शनात ‘कलाकुसर’ म्हणून पिशवीचा भाव लावताना हेच श्रम जाहिरातीत वापरले जातात. गिऱ्हाईक जास्त पैसे देते ते त्या ऐंशी मिनिटांसाठी. शिवणारीला पैसे मिळतात ते चाळीस मिनिटांचे.

येथे कोणी म्हणेल, की घरी बसून, मुले सांभाळून चार पैसे मिळतात, त्यात वाईट काय? हा युक्तिवाद विडी कामगारांच्या वेळीही झाला होता. घरी विड्या वळणाऱ्या बाईला पान-तंबाखू मोजून द्यायची, हजारी मोजून घ्यायची आणि ‘छाट’ म्हणून मूठभर बाजूला काढून तिची मजुरी कापायची, ही रीत सोलापूर-निपाणीच्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ते लढ्यामुळे. पिशव्यांच्या बाबतीतही टाका वाकडा आला, रंग जुळला नाही, म्हणून नग परत येतात. जुन्या कापडात रंग जुळणार कसा? दोन नग सारखे नसणे हाच तर मालाचा गुण म्हणून विकला जातो! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरगुती उत्पादन कामाविषयी स्वतंत्र करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तुकड्यावरील कामालाही किमान वेतन ठरविता येईल अशी तरतूद १९४८ च्या कायद्यात होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. तरतूद आहे, पण मोजणी नाही. आणि मोजणीवाचून दर ठरत नाही.

या सगळ्यात एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. पिशव्या शिवून कपड्यांच्या ढिगाचा प्रश्न सुटेल, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. एलन मॅकआर्थर प्रतिष्ठानच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले आणि वापरलेल्या कपड्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. लोकसंख्या काही दुप्पट झाली नाही. अंगे तेवढीच, कपडे दुप्पट, म्हणजे प्रत्येक कपडा कमी वेळ अंगावर राहतो. हा दोष गिऱ्हाइकाच्या चंगळवादापुरता नाही. नफ्याचा दर टिकविण्यासाठी दर पंधरवड्याला नवी तऱ्हा काढणाऱ्या उद्योगाला कपडा लवकर जुना व्हावा असेच वाटते. शिवाय कपडा कशाचा आहे, हेही पाहिले पाहिजे. जगात तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून अधिक वाटा आता पॉलिस्टरचा आहे. सुती लुगडे मऊ होत जाते, घाम-पाणी शोषते, त्याचे दुपटे होते, शेवटी पोतेरे होते आणि मग मातीत जाते. पॉलिस्टरच्या साडीचे दुपटे बाळाला टोचते, पोतेरे पाणी टिपत नाही, आणि मातीत ती कुजत नाही. गोधडीवाल्या बायकांची अलीकडची तक्रार हीच असते, की पूर्वीसारखे कापडच येत नाही. म्हणजे ज्या परंपरेचे गोडवे गायले जातात तिचा कच्चा मालच उद्योगाने नासविला आहे.

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. आज ते गाव जगातल्या जुन्या लोकरी कपड्यांचे मोठे पिंजणघर म्हणून ओळखले जाते. श्रीमंत देशांनी टाकलेले कोट-स्वेटर गुजरातेतील कांडला बंदरात उतरतात आणि गाठोड्यांनी पानिपतला येतात. तेथे स्त्रिया विळीसारख्या पात्यावर ते फाडतात, चेन, बटणे, अस्तर काढून रंगवारीने ढीग लावतात. मग यंत्रात त्याचे पिंजण होऊन सूत निघते आणि त्या सुताची स्वस्त घोंगडी-ब्लँकेटे होतात. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटली जाणारी कितीतरी ब्लँकेटे येथलीच. हे तंत्र १८१३ च्या सुमारास इंग्लंडात यॉर्कशायरमधील बॅटली येथे निघाले. आणि १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने ज्या अत्यंत घाणेरड्या आणि अत्यंत कमी मजुरीच्या कामांचा निर्देश केला त्यांत चिंध्या निवडण्याचे काम आहे. ते काम मुली आणि स्त्रिया करीत, जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या चिंध्यांतून देवीचा रोग पसरे आणि त्याचा पहिला बळी ही निवडणारीच असे, असे त्याने नोंदविले. देवीचा रोग जगातून गेला. पानिपतच्या शेडमध्ये तंतूंची धूळ आहे, आणि अलीकडे स्वस्त पॉलिस्टर ब्लँकेटांनी त्या धंद्यालाही घेरले आहे.

दानाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. दिवाळीच्या सुमारास जुने कपडे गोळा करण्याच्या मोहिमा निघतात. त्यांत फाटका, मळका, दोरी नसलेला परकर देऊन पुण्य पदरात पाडणारी मंडळी कमी नसतात. या प्रकारातील अपमान ओळखून ‘गूंज’ या १९९९ साली सुरू झालेल्या संस्थेने कपडे भीक म्हणून न वाटता गावाने रस्ता, विहीर, तळे असे सामूहिक काम केल्यावर त्याचा सन्मान म्हणून द्यावे, अशी पद्धत पाडली. जुन्या सुती कापडाच्या घड्यांतून मासिक पाळीसाठी पट्ट्या बनविण्याचे तिचे काम तर, ज्या विषयावर पुरुष कार्यकर्त्यांची जीभ उचलत नाही त्या विषयावरचे असल्यामुळे, विशेष मोलाचे आहे. संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. मात्र कपडा हा सन्मान असू शकतो, मजुरी असू शकत नाही, ही रेषा चळवळीने पुसू देऊ नये. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तेथे तळ्याच्या कामाची मजुरी मागण्याचा हक्क आधी, कपड्यांचे गाठोडे नंतर.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? शबनम पिशवी खांद्याला अडकविणे हा समाजवादी कार्यकर्त्याचा गणवेशच होता. ती जुन्या कापडाची शिवून घेतली तर चांगले, पण तेवढ्याने काम भागणार नाही.

पहिले काम बाजाराच्या जागेचे. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदा फिरून माल विकणाऱ्यालाही पथविक्रेता मानतो. बोहारीण भांडी विकते आणि किंमत कपड्यांत घेते. तेव्हा ती त्या व्याख्येत बसते, हा आग्रह सर्वेक्षणाच्या वेळी धरला पाहिजे. ती सकाळी घरी नसते आणि सर्वेक्षण सकाळी होते, म्हणून तिचे नाव गळते, इतकी ही साधी बाब आहे. शहराच्या समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे कायदा सांगतो. पन्नास वर्षांहून जुने नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, हेही त्याच्या अनुसूचीत आहे. जुन्या कपड्यांचे किती बाजार असे पन्नास वर्षांचे आहेत, याची यादी तालुका शाखांनी करावयाची आहे. अहमदाबादच्या प्राचीन गुजरी बाजारालाही साबरमती किनारा प्रकल्पाच्या वेळी जागेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेव्हा हे काम बुलडोझर येण्यापूर्वीचे आहे.

दुसरे काम मोजणीचे, आणि ते वरवर अगदी क्षुल्लक दिसते. पिशव्या, बटवे, दुपटी बनविणाऱ्या गटात जाऊन बसावे. एक नग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनताना पाहावा. धुणे, निवडणे, उसवणे, इस्त्री, कापणे, शिवणे, दोरे काढणे, प्रत्येकासमोर मिनिटे लिहावीत. ते लिहिणे गटातल्याच शिकलेल्या मुलीने करावे, कार्यकर्त्याने नव्हे, कारण आकडा तिच्या हातचा असला म्हणजे व्यापाऱ्यासमोर ती तो मागे घेत नाही. मग त्या तक्त्यावरून दर काढावा. उसवण्याचा दर निराळ्या रकान्यात दाखवावा. परत आलेला नग कोणाच्या अंगावर पडणार, हे आगाऊ ठरवावे. माल उचलताना पैसे, विकल्यावर नव्हे, ही अट घालावी. व्यापाऱ्याने वा प्रदर्शन भरविणाऱ्या संस्थेने आपण रास्त भाव देतो असे जाहिरातीत छापले असेल, तर अहमदाबादच्या त्या कार्डांची आठवण ठेवून तीच जाहिरात कापून तक्त्याला जोडावी.

जुने कपडे गोळा करताना गटांनी बोहारणीला टाळून थेट सोसायट्यांतून मोफत कपडे उचलण्याची पद्धतही तपासली पाहिजे. दान म्हणून आलेल्या साड्यांवर एका गरीब बाईचा गट उभा राहतो आणि दुसऱ्या गरीब बाईची भांड्यांची पाटी उतरत नाही, असे घडू लागले आहे. निवडीचे ज्ञान तिच्याकडे आहे, यंत्र गटाकडे आहे. तिच्याकडून निवडलेला माल ठरल्या भावाने घेतला तर पिशवीची किंमत थोडी वाढेल. ती वाढू द्यावी.

राहिला उरलेल्या कातरणांचा प्रश्न. दहा साड्यांच्या पिशव्या झाल्या, की पोतेभर चिंधी उरते. सुती असेल ती पुसणीवाला किलोवर नेतो, लहान मुलांच्या उशांत काही जाते, पॉलिस्टरला कोणी विचारत नाही. ही चिंधी आज बहुतेक ठिकाणी माल पोचविणारा टेम्पोवाला किंवा जागा देणारा उचलून नेतो, आणि ते पैसे कोणाचे हे कोणी विचारत नाही. गटाच्या वहीत चिंधीच्या विक्रीचे एक निराळे पान उघडावे आणि रक्कम थोडीथोडकी असली तरी महिन्याच्या सभेत ती वाचून दाखवावी.